आयोडीन बंद, मग आयोडीनच औषध!



मागे एकदा आमच्या गटातली एक ताई बैठकीला आली ती हातात डॉक्टरांचा कागद घेऊनच. ताईचं सासर उलव्याचं, माहेर उरणचं. माहेरच्यांच्या दोन पिढ्या मिठागरावर राबलेल्या. तिच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत गाठ निघाली, तपासणीत ती कॅन्सरची ठरली, ऑपरेशन नीट पार पडलं. आता पुढचा उपचार होता. कागदावर लिहिलं होतं, दोन आठवडे आयोडीनचं मीठ बंद, मासळी बंद, दूध-अंडी बेतानं. आणि त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, त्यानंतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस, आणि काही दिवस वेगळ्या खोलीत मुक्काम.

ताई म्हणाली, "मला एवढंच सांगा. आयोडीन वाईट असेल तर मला पाजतात कशाला? आणि चांगलं असेल तर आधी बंद कशाला करतात?" थोडं थांबून तिनं हळूच विचारलं, "आणि घरी आल्यावर मी माझ्या लेकीला जवळ घ्यायचं की नाही?"

तिची लेक चार वर्षांची.

आम्ही काही शास्त्रज्ञ नाही. पण गटात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, एक नर्स आहे, आणि बाकीच्या आम्ही प्रश्न विचारायला न लाजणाऱ्या. आम्ही पुस्तकं काढली. तेव्हा कळलं, ताईच्या प्रश्नाचं उत्तर दोनशे वर्षांच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाचं एक टोक आपल्या वाशीत येऊन पोचलेलं आहे. तोच इतिहास आज सांगतो.

सुरुवात मिठापासूनच करू. उरण, पेण, करंजा ही आपली मिठागरांची जुनी गावं. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरूनच आगरी हे नाव आलं असं आपल्याकडे सांगतात. भरतीचं पाणी बांध घातलेल्या वाफ्यांत घ्यायचं, उन्हानं ते आटवत आटवत पुढच्या वाफ्यात न्यायचं, शेवटी पांढरे खडे धरतात ते ओढून काढायचे. आता यातली कितीतरी मिठागरं बंदराखाली आणि शहराखाली गेली. पण ते खडे काय आहेत हे आपल्या आज्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं तर 1800 सालापर्यंत जगात कुणालाच ते नीट ठाऊक नव्हतं.

1807 साली लंडनमध्ये हंफ्री डेव्ही यांनी वितळवलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडली आणि सोडियम नावाचा धातू वेगळा काढला. हा धातू सुरीनं कापता येईल इतका मऊ, आणि पाण्यात टाकला तर तडतडून पेट घेणारा. म्हणून तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. मिठातला दुसरा भाग क्लोरीन. हा पिवळट हिरवा वायू पहिल्या महायुद्धात 1915 साली सैनिकांना गुदमरवण्यासाठी वापरला गेला. एक पेट घेणारा, एक जीव घेणारा, आणि दोघं एकत्र आले की आपण आमटीत चिमटीनं टाकतो ते मीठ! असं कसं होतं? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चार वर्षांनी, 1811 साली, फ्रान्समध्ये बर्नार्ड कूर्त्वा हे समुद्रशेवाळाच्या राखेपासून सोरा करण्याच्या धंद्यात होते. तोफांच्या दारूला सोरा लागे आणि नेपोलियनची युद्धं चालू होती. राखेचं पाणी काढून घेतल्यावर उरलेल्या भागात एकदा त्यांच्या हातून गंधकाम्ल जास्त पडलं, तर जांभळ्या वाफा उठल्या. गार जागी त्या वाफांचे काळसर चकचकीत खडे झाले. तेच आयोडीन. ग्रीक भाषेतल्या जांभळ्या रंगाच्या शब्दावरून हे नाव पडलं.

पुढची गोष्ट गळ्याशी येते. जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी 1820 साली गलगंडाच्या रोग्यांना आयोडीन देऊन पाहिलं आणि गाठी कमी झाल्याचं नोंदवलं. 1896 साली जर्मनीत बाउमान यांनी दाखवलं की थायरॉइड ग्रंथीतच आयोडीन साठलेलं असतं. ही ग्रंथी जो स्राव तयार करते त्याच्या एका मुख्य रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन मिळालं नाही तर ग्रंथी जास्त काम करू बघते, फुगते, गलगंड होतो. गरोदर बाईला ते कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हिमालयाच्या पायथ्याच्या भागात हे दुखणं घरोघरी होतं. कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून जे काम केलं, त्यातून मिठात आयोडीन घातल्यानं गलगंड घटतो हे आपल्याच देशात सिद्ध झालं. 1962 साली सरकारनं गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला.

इथे ताईनं आम्हाला अडवलं. "पण आमचं मीठ तर समुद्राचंच. त्यात आयोडीन आपोआप येत नाही?" नाही येत. समुद्राच्या पाण्यात आयोडीन अगदी थोडं, आणि मीठ धरतं तेव्हा तेवढंही खड्यात जवळजवळ उतरत नाही. शेवाळ आणि मासळी ते गोळा करतात, मीठ करत नाही. म्हणून कारखान्यात ते वरून घालावं लागतं. आपल्या घरी पोचेपर्यंत दहा लाख भाग मिठात निदान 15 भाग आयोडीन उरायला हवं, असा नियम आहे.

आता मधला मोठा प्रश्न. गळ्यातल्या ग्रंथीला आयोडीन ओळखू कसं येतं? रक्तात आयोडीनपेक्षा क्लोरीनचा भाग कितीतरी पट जास्त असतो. ग्रंथी त्याला का घेत नाही?

त्यासाठी रशियात जाऊ. 1869 साली दिमित्री मेंडेलीव्ह यांनी तेव्हा माहीत असलेली 63 मूलद्रव्यं अणूच्या वजनाप्रमाणे मांडली, तर ठरावीक अंतरानं सारख्या स्वभावाची मंडळी पुन्हा येत होती. हीच आपण शाळेत पाठ केलेली आवर्तसारणी. काही जागा रिकाम्या राहिल्या, तिथे अजून न सापडलेली मूलद्रव्यं बसतील असं त्यांनी सांगितलं, आणि गॅलियम 1875 साली, जर्मेनियम 1886 साली खरंच सापडलं. पण एका ठिकाणी गाडं अडलं, ते नेमकं आयोडीनपाशी. टेल्युरियम नावाचं मूलद्रव्य आयोडीनपेक्षा वजनानं किंचित जड भरत होतं. वजनाचा नियम पाळला तर आयोडीन आधी आणि टेल्युरियम नंतर यायला हवं. पण स्वभाव बघितला तर आयोडीन क्लोरीनच्या आणि ब्रोमीनच्या पंगतीतलं. मेंडेलीव्ह यांनी स्वभाव मानला आणि टेल्युरियमला आधी बसवलं. त्याचं वजनच चुकीचं मोजलं असणार, असं ते म्हणाले. लोकांनी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजलं. टेल्युरियम जडच निघालं! म्हणजे मांडणी बरोबर, पण कारण चूक.

खरं कारण कळायला अणूच्या आत डोकवावं लागलं. 1897 साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला. 1911 साली रदरफोर्ड यांनी दाखवलं की अणूचं जवळजवळ सगळं वजन मधल्या इवल्याशा केंद्रकात असतं आणि इलेक्ट्रॉन त्याच्या बाहेर. 1913 साली नील्स बोर यांनी सांगितलं की हे इलेक्ट्रॉन ठरावीक कवचांत असतात. त्याच सुमारास हेन्री मोजली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानं क्षकिरणांच्या मदतीनं सिद्ध केलं की अणूची ओळख त्याच्या वजनात नाही, तर केंद्रकात किती प्रोटॉन आहेत त्या आकड्यात आहे. टेल्युरियमचा आकडा 52, आयोडीनचा 53. म्हणून टेल्युरियम आधी, आयोडीन नंतर. वजन काही का असेना! मेंडेलीव्ह यांचा कौल बरोबर होता. मोजली मात्र 1915 साली गॅलिपोलीच्या लढाईत 27 व्या वर्षी मारला गेला.

आता ही कवचं म्हणजे काय? बाईंनी आम्हाला आपल्या लेडीज डब्याचं उदाहरण दिलं. इलेक्ट्रॉन काही बाकावर बसलेल्या बायका नव्हेत, पण समजायला सोपं जातं. आतल्या बाकांवरच्या बायका बसल्या की बसल्या, जागच्या हलत नाहीत. जी काही सरकासरकी, चढउतार, भांडण किंवा मैत्री होते ती दाराशी. अणूचंही तसंच. पहिल्या कवचात दोन जागा, दुसऱ्यात आठ, आणि सगळ्यात बाहेरच्या कवचात आठ जण झाले की अणू निवांत. मग तो कुणाशी फारसा संबंध ठेवत नाही.

सोडियमकडे इलेक्ट्रॉन 11. दोन आत, आठ मध्ये, आणि एकटाच एक दाराशी लटकलेला. तो सुटला की सोडियम निवांत, म्हणून सोडियम त्याला कुणाच्याही गळ्यात घालायला उतावीळ. क्लोरीनकडे 17. दोन, आठ आणि दाराशी सात. एकाची जागा रिकामी, म्हणून तो कुणाचाही इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला बसलेला. एकाला द्यायचं, दुसऱ्याला घ्यायचं. देणंघेणं झालं की दोघंही शांत. पेट घेणारा आणि जीव घेणारा मिळून मीठ का होतं, त्याचं उत्तर एवढंच.

आयोडीनकडे इलेक्ट्रॉन 53, पण दाराशी सातच. म्हणून ते क्लोरीनचं भावंड. सोडियमशी त्याचीही तशीच जोडी जमते, आणि होतं ते सोडियम आयोडाइड, म्हणजे तेही एक मीठच. मग फरक कशात? क्लोरीनची कवचं तीन, आयोडीनची पाच. आयोडीनचा अणू मोठा, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, म्हणून पकड सैल. मोठ्या अणूंचे रेणू एकमेकांना जास्त ओढून धरतात, म्हणून घरातल्या तापमानाला क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव आणि आयोडीन घट्ट खडा. दाराशी किती, यावर स्वभाव, आणि आत किती कवचं, यावर त्या स्वभावाचा कमीजास्तपणा.

ग्रंथी निवड करते ती इथेच. तिच्या पेशींच्या भिंतीत आयोडीन आत घेणारं एक खास प्रथिन असतं. त्याचा जनुक 1996 साली नॅन्सी करास्को यांच्या प्रयोगशाळेनं शोधून काढला. मूळच्या मेक्सिकोच्या या बाई तेव्हा न्यूयॉर्कमध्ये काम करत होत्या. हे प्रथिन एका आयोडाइडबरोबर दोन सोडियम आत घेतं. लहान आकाराच्या क्लोराइडला ते घेत नाही. म्हणजे आपल्या गळ्यात रोज मिठातलं सोडियम आयोडीनला हाताला धरून आत नेतं.

आता ताईच्या औषधाकडे. प्रोटॉन 53 असले की ते आयोडीनच. पण केंद्रकात प्रोटॉनच्या जोडीला न्यूट्रॉनही असतात, आणि त्यांची संख्या बदलू शकते. एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वजनाचे असू शकतात, हे 1913 साली फ्रेडरिक सॉडी यांनी मांडलं. अशा अणूंना आवर्तसारणीत एकच स्थान, म्हणून त्यांना नाव काय द्यावं? ग्लासगोत एका जेवणाच्या वेळी मार्गारेट टॉड या डॉक्टर आणि लेखिका असलेल्या बाईंनी त्यांना आयसोटोप हा शब्द सुचवला. मराठीत आपण समस्थानिक म्हणतो, अर्थ तोच, एकाच स्थानावरचे. जगभर बोलला जाणारा हा शब्द एका बाईनं दिला, हे आम्हालाही तेव्हाच कळलं.

मासळीतल्या, मिठातल्या आयोडीनमध्ये 74 न्यूट्रॉन असतात. ताईला देणार त्या आयोडीनमध्ये 78. पुन्हा डब्यात जाऊ. दाराशी त्याच सात जणी, आतली बसायची रीतही तीच. फक्त बाकाखाली चार पिशव्या जास्त. फलाटावरून बघणाऱ्याला हा डबा आणि तो डबा सारखाच दिसणार. ग्रंथीची पेशीही तशीच दाराकडे बघते, पिशव्या मोजत नाही. ती दोन्ही आयोडीन एकाच ओढीनं आत घेते.

पण त्या जादा न्यूट्रॉनमुळे हे केंद्रक टिकत नाही. एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, आकडा 54 होतो, आणि आयोडीनचं झेनॉन होतं. झेनॉनच्या दाराशी आठ, म्हणून ते निवांत, निरुपद्रवी. हे होताना जे कण बाहेर पडतात ते शरीरात फार तर दोन मिलिमीटरपर्यंत जातात आणि तेवढ्या टापूतल्या पेशी मारतात. ऑपरेशननंतर ग्रंथीच्या किंवा गाठीच्या ज्या पेशी कुठे लपून उरल्या असतील, त्या आपणच हे आयोडीन ओढून घेतात आणि आपणच संपतात.

ताईच्या कागदाचं कोडं सुटलं ते इथे. आधी दोन आठवडे आयोडीन बंद, कारण त्या पेशी उपाशी राहायला हव्यात. मासळी-मिठातून त्यांचं पोट भरलेलं असेल तर औषध दारातूनच परत जाईल.

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. 1986 साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात झाला, तेव्हा हेच आयोडीन गवतावर पडलं, गाईंच्या दुधात उतरलं आणि लहान मुलांच्या गळ्यात साठलं. पुढे त्या भागातल्या हजारो मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. शेजारच्या पोलंडमध्ये लाखो मुलांना साधं आयोडीन आधीच पाजण्यात आलं, म्हणजे ग्रंथी भरलेली राहील आणि वाईट आयोडीनला जागा मिळणार नाही. तिथे पोट भरायचं, इथे उपाशी ठेवायचं. नियम एकच.

हे औषध आलं कुठून? 1934 साली इरेन जोलिओ-क्यूरी आणि त्यांचे पती फ्रेडरिक यांनी साध्या मूलद्रव्यापासून किरणोत्सारी मूलद्रव्य बनवता येतं हे दाखवलं. 1936 साली बॉस्टनचे डॉक्टर सॉल हर्ट्झ यांनी एका शास्त्रज्ञाला विचारलं, आयोडीन असं किरणोत्सारी करता येईल का? 31 मार्च 1941 रोजी त्यांनी थायरॉइड फार जोरात चालणाऱ्या पहिल्या रुग्णाला हे औषध दिलं. ती रुग्ण एक बाईच होती. थायरॉइडची दुखणी पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतात.

आपल्याकडे ट्रॉम्बेला 4 ऑगस्ट 1956 रोजी अप्सरा ही पहिली अणुभट्टी सुरू झाली. 1963 साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालं. 1985 साली ट्रॉम्बेला ध्रुव ही मोठी अणुभट्टी आली. या भट्टीत काय ठेवतात ठाऊक आहे? टेल्युरियम! तेच ते मेंडेलीव्ह यांना छळणारं 52 नंबरचं. त्याला एक न्यूट्रॉन चिकटतो, ते अस्थिर होतं, एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि 52 चं 53 होतं, म्हणजे आयोडीन. ज्या दोन शेजाऱ्यांच्या जागेवरून इतका वाद झाला, त्यातल्या एकाचं दुसरं होतं ते आपल्या खाडीपलीकडे. पुढे ते देशभरच्या इस्पितळांत पाठवायचं काम ब्रिट ही अणुऊर्जा खात्याची संस्था करते. ती 1989 साली स्थापन झाली आणि तिचं ठाणं आहे आपल्या वाशीत. औषधाचं नाव सोडियम आयोडाइड. मिठागरवाल्याच्या लेकीला शेवटी औषधही मिठाचंच!

हे औषध साठवून ठेवता येत नाही. आठ दिवसांत निम्मं संपतं, सोळा दिवसांत पाव उरतं, ऐंशी दिवसांत हजारावा भाग. ताईच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच हिशेबात आहे. औषधातून काही किरण शरीराबाहेरही येतात, म्हणून सुरुवातीचे दिवस लांब राहायचं. पेशींनी न घेतलेलं आयोडीन पहिल्या दोन दिवसांत बरंचसं लघवीवाटे जातं, म्हणून पाणी भरपूर प्यायचं आणि संडास-बाथरूमची स्वच्छता जपायची. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून किती दिवस लांब राहायचं ते डोसावर ठरतं, आणि ते ज्या त्या बाईला तिचे डॉक्टरच सांगतात. शेजारणीच्या अनुभवावर जाऊ नका. आणखी एक. गरोदर असाल, शंका असेल, किंवा अंगावर पाजत असाल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. गरोदरपणात हे औषध देत नाहीत. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला बाळाची ग्रंथीही आयोडीन घेऊ लागते, आणि तीही पिशव्या मोजत नाही.

ज्यांना असा उपचार नाही त्यांनी मात्र ताईचा कागद आपला समजू नये. आपल्याला आयोडीनचं मीठच खायचं आहे. बरणीला घट्ट झाकण हवं, ती चुलीच्या आणि ओलाव्याच्या लांब ठेवा, आणि मीठ शक्यतो भाजी उतरवताना घाला.

ताईचा डोस झाला. ती ठरलेले दिवस वेगळ्या खोलीत राहिली, घरी आल्यावरही डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस लेकीपासून लांब झोपली. लेक दाराशी उभी राहून गोष्टी सांगायची, ताई आतून हुंकार द्यायची. सासूबाईंनी आधी कुरकुर केली, पण आठ दिवसांत निम्मं, सोळा दिवसांत पाव हा हिशेब कळल्यावर त्यांनीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. शेवटची खूण झाली त्या दिवशी घरात बोंबलाचं कालवण शिजलं, आणि ताई लेकीला मांडीवर घेऊन जेवायला बसली.